बुडालेल्या गावचा माणूस

गुप्तचर खात्यातल्या साहेबांना स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक. खोट्या नावानं पाठवलेला माणूस कशानं उघडा पडतो? गावानं. कुणीतरी गावाकडे चौकशी करतं आणि बिंग फुटतं. म्हणून साहेबांनी गावच असं दिलं, की तिथं चौकशीला जायची सोय नाही. धरणाखाली गेलेलं पानशेवडी. आता पाण्याला विचारणार आहेत का, असं म्हणून स्वतःच हसले.

पाठवायच्या माणसाला गावाबरोबर नाव दिलं, जयवंता. आणि एक आईही दिली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या देवळाचा कळस वर येतो आणि ही आई काठावरून त्याच्याकडे नारळ फेकते. जयवंताला ती इतकी आवडली की धुळ्यातल्या खऱ्या आईपेक्षा हीच जवळची वाटायला लागली.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात तो कुंभिवलीला हायवेलगतच्या एका गोदामात हमाल म्हणून लागला. मोहोपाड्याच्या कारखान्यांतून चोरून आणलेली रसायनं तिथून बॉम्ब बनवणाऱ्यांकडे जात. ते कोण, एवढंच त्याला शोधायचं होतं. त्याच्याआधी येसाजी नावाचा माणूस पाठवला होता. तो काम टाकून पळाला भेकड, असं साहेब सांगत.

जयवंता गोदामात छान मिसळला. मग एका रविवारी नव्या टेंपोची पूजा निघाली. नव्या गड्यानं आपल्या गावच्या देवाची हकिकत सांगायची आणि त्याच्या नावानं गाडीपुढे नारळ फोडायचा, अशी गोमा मुकादमाची रीत. जेवणं झाल्यावर सगळे आंब्याखाली बसले. जयवंतानं धरणाचं सांगितलं, देवळाचं सांगितलं, रंगात आला. कळस पाण्यातून वर येतो, इथवर सांगून तो पाणी प्यायला थांबला.

"आन् तुजी आय काठावरनं त्याला नारळ फेकायची," गोमा म्हणाला. "व्हय ना रं?"

आईचं आणि नारळाचं त्यानं अजून नावही काढलं नव्हतं.

त्यानं तांब्या खाली ठेवला आणि हायवेकडे पाहिलं. टेंपोवाला नागू मान खाली घालून बसला. समोर हायवेवर ट्रक धावत होते, पण मधे गोदामातले चौघं येऊन उभे राहिले होते.

"येसाजी बी हितंच बसून सांगत होता," गोमा शांतपणे म्हणाला. "त्यालाबी असंच तोंडपाठ. पाण्यातल्या गावाची लय ओढ त्याला. आमीच पोचवला."

म्हणजे येसाजी पळाला नव्हता. जयवंताला भीतीपेक्षा संताप आला, तो साहेबांचा. माणूस परत आला नाही, तर का आला नाही हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. त्याची गोष्ट तेवढी जपून ठेवली आणि जशीच्या तशी दुसऱ्याला दिली, कारण ती त्यांना फार आवडली होती.

गोमानं त्याच्या हातात नारळ दिला आणि टेंपोत बसायला सांगितलं. नागूनं गाडी नदीच्या रस्त्याला घातली. आता साहेब म्हणणार, हाही पळाला. आणि तीच आई तिसऱ्याला देणार.