यजमान गाव

पारूबाईनं चुलीवरचं चहाचं पातेलं पदरात धरून उचललं, अंगणात आणलं आणि बाजेवर बसलेल्या कल्लाप्पांच्या पायांपुढे मातीत उपडं केलं. पाणी जिरलं. फाटलेल्या दुधाच्या गुठळ्या वर राहिल्या.

"बघ पोरी," ती मायाला म्हणाली. "हापशाचं पाणी. ह्यात दूध टिकत न्हाई. आन ह्यो माणूस तुला काय सांगतोय? पाणी बरं हाय म्हणून."

ह्यो माणूस म्हणजे तिचा नवरा, धोंडीबा. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. माया साताऱ्याहून आली होती. धरणात गावं गेलेल्या लोकांच्या नव्या वसाहतींची पाहणी करण्यासाठी एका संस्थेनं तिला नेमलं होतं. माणसं कशी राहतात, ज्या गावाच्या जमिनीवर वसवली त्या यजमान गावात कितपत मिसळली, हे घरोघर विचारायचं. जमीन कशी आहे? बरी हाय. घर? बरं हाय. गावातली माणसं? लय चांगली. उत्तरं देताना धोंडीबा मायाकडं बघतच नव्हता. तो बाजेकडं बघत होता.

बाजेवर कल्लाप्पा आणि त्यांच्या शेजारी ग्रामसेवक भाऊसो. कल्लाप्पा गावातले मोठे बागायतदार. पाहणीला एखादं जाणतं माणूस असावं म्हणून भाऊसोनंच त्यांना सोबत आणलं होतं.

"पारू, आत जा," धोंडीबा म्हणाला.

"आठ वर्सं आतच हाय." ती मायासमोर खाली बसली. "लिव्ह. दिसभर ह्यांच्या उसात खुरपायचं, मग ह्यांच्या विहिरीचं पाणी मिळतं. काठावर जायचं न्हाई. खाली घागर धरायची, गडी वरनं ओततो. असं मिसळलोय आमी."

कल्लाप्पांनी मान खाली घातली. भाऊसो घाईघाईनं म्हणाला, "पारूबाई, पाहुण्यांसमोर काय हे!"

"पाव्हणं? आवं, पाव्हणं आमीच हाय. आठ वर्सं झाली, उठून जायला सांगितलं न्हाई एवढंच."

"अक्का." कल्लाप्पांचा आवाज चढला नव्हता. "तुमची घरं उभी हायत ती जमीन कुणाची? माझ्या आज्ज्यानं नांगराखाली आणलेलं रान हाय ते. सरकारची नोटीस आली आन दहा एकर गेलं."

"खारवट तेवढं बघून दिलंत!"

"मग काय उसाचं देऊ? तू दिलं असतंस?"

त्या प्रश्नानं पारूबाई अधिकच पेटली. तिनं तोंड उघडायच्या आत कल्लाप्पा मायाकडं वळले.

"ह्यांचं गाव धरणानं नेलं, माझं रान ह्यांनी नेलं. मला विचारायला कुणी कागद घेऊन आलं न्हाई." ते उठले, धोतराचा सोगा झटकला आणि पारूबाईला म्हणाले, "उद्यापासनं पाण्याला येऊ नका."

भाऊसो त्यांच्यामागं पळाला.

अंगणात तिघंच उरली. मायानं पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"काकू, तुम्ही बोललात ते सगळं मी लिहिते. पण त्यानं पाणी येईल, असं मी सांगू शकत नाही."

"मग आलीस कशाला?"

मायाचे कान लाल झाले. आपण पाहणीला येतो आणि ज्याच्या विहिरीवर ह्यांचं घर चालतं त्यालाच मध्ये बसवून प्रश्न विचारतो, हे तिला सकाळीच दिसलं होतं. सकाळी ती काही बोलली नव्हती. तिनं खाली मान घालून चपला घातल्या.

ती गेल्यावर पारूबाई नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"त्याच्यासमोर भ्यालास, ते कळलं. पण तो उठून गेल्यावर तरी जीभ हालवायची हुतीस. ही पाहणी झाली की सरकार म्हणणार, झालं पुनर्वसन. मग दुसरं रान कोण देणार?"

"भ्यालो न्हाई मी."

"मग?"

धोंडीबानं बोटानं जमीन उकरली. वर खोऱ्यातल्या जुन्या गावात कुणीच गाव सोडायला तयार नव्हतं तेव्हा ही जमीन बघायला तोच एकटा खाली आला होता. पावसाळ्यानंतर आला होता, तेव्हा सगळंच हिरवं होतं. काळं रान हाय, चला, असं त्यानं परत जाऊन सांगितलं. पहिला ट्रक त्याच्या सामानाचा निघाला, मग आकारामचा, मग बाकीच्यांचे.

"आकारामची बायको हितं येऊन आजारात गेली," तो म्हणाला. "मी आणलं त्यास्नी. आता मीच वाईट म्हणू?"

"म्हण की! तू म्हणत न्हाईस म्हणून कुणीच म्हणत न्हाई."

ती आत गेली आणि तिनं भांडी अशी आपटली की शेजारची कुत्री उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारूबाई पाण्यासाठी कॅनॉलवर गेली. लांबची वाट, बांधावर चिखल. डोक्यावर दोन घागरी घेऊन परतताना तिचा राग कमी झालेला नव्हता. पावलागणिक तो वाढतच होता, कल्लाप्पांवर, त्या पोरीवर, सगळ्यांत जास्त धोंडीबावर. वसाहतीच्या तोंडाशी आकारामच्या अंगणात माणसं जमलेली दिसली. माया चटईवर बसली होती. तिच्याजवळ भाऊसो उभा होता.

"गावातल्या लोकांशी संबंध कसे आहेत?" माया विचारत होती.

"बरं हाय," आकाराम म्हणाला आणि सवयीनं त्यानं बाजूला बघितलं.

बाजूला धोंडीबा उभा होता. तो कधी आला ते कुणाला कळलं नव्हतं. तो पुढे आला आणि आकारामला लागून चटईवर बसला.

"भाऊसो," तो म्हणाला, "तुमी जरा लांब व्हता का?"

भाऊसो काही बोलणार होता, पण मायानं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो बाभळीखाली जाऊन उभा राहिला.

"सांग, गड्या," धोंडीबा म्हणाला.

"काय सांगू?"

"घरात माझ्याबद्दल जे बोलतोस ते. तितनं सुरू कर."

मान वळवून आकारामनं धोंडीबाकडं बघितलं, आठ वर्षांत पहिल्यांदा बघावं तसं. धोंडीबानं नजर वळवली नाही.

पारूबाईच्या मानेला कळ लागली होती. तिनं घागरी उतरवल्या नाहीत.

"लिवा बाई," आकाराम म्हणाला. "पर सावकाश लिवा. लय हाय."