दुसरी एफी

थडग्यावरचं नाव कागदावर उतरवताना कागद ताणून धरणारं माणूस शांत असावं लागतं, असं टेना आत्या म्हणायची, आणि आमच्या कुळात माझ्याइतकं शांत दुसरं कोणी नसल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं होतं. मी कागदाची टोकं दगडावर दाबून धरायची, आत्या काळ्या मेणाची वडी आडवी धरून घासत जायची, आणि पाण्याखालून कोणी डोकं वर काढावं तसं पांढऱ्या कागदावर एखादं नाव हळूहळू वर यायचं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पोस्टातली नोकरी संपल्यापासून तिला एकच ध्यास लागला होता. स्कॉटलंडजवळच्या यूइस्ट बेटावरून आमचे पूर्वज निघाले तेव्हा कोण कोण निघाले, इथे केप ब्रेटनच्या किनाऱ्यावर कोण कोण उतरले, आणि मधल्या समुद्रात कोण राहिले, हे तिला शोधून काढायचं होतं. दगड, चर्चमधल्या नोंदी, म्हाताऱ्यांच्या आठवणी यांतून जे हाती लागे ते ती एका मोठ्या गोधडीत शिवत होती. एक माणूस, एक तुकडा; आणि तो तुकडा त्या माणसाच्या अंगावरच्या कपड्याचा. तळाला जहाजातून आलेला एनियस गिलिस आणि त्याची माणसं होती, शिडाच्या कापडाची, कारण त्यांचं दुसरं काही उरलेलं नव्हतं. त्यांच्यावर मुर्डॉक, मग रॉरी आजोबा, मग बाबा, म्हणजे लॉकी, आणि आत्या, आणि अगदी वरच्या ओळीच्या टोकाला मी. ऑगस्टमधल्या पहिल्या रविवारी सगळं कूळ गावच्या हॉलमध्ये जमणार होतं आणि गोधडी तिथल्या भिंतीवर लागणार होती.

आमच्यात मूल गेलं की त्याचं नाव मागून येणाऱ्या मुलाला देतात. माणूस जातं, पण नाव मरू द्यायचं नाही. त्यामुळे गावच्या स्मशानात एफी गिलिस बऱ्याच आहेत, आणि शाळेत मला ‘आजीबाई’ म्हणतात. मला माझं नाव मिळालं ते ताईचं. ती चार वर्षांची असताना धक्क्यावरून पाण्यात पडून गेली; मी तिच्यानंतर जन्मले. तिच्या दगडावर कोकरू कोरलेलं आहे. दगडावर आपलंच नाव वाचण्याची मला लहानपणापासून सवय होती. मी तिथे टेकून सफरचंद खायची, आणि कधी बोलावंसं वाटलं तर तिच्याशी बोलायची, कारण ती मधेच तोडत नसे.

जुलैच्या शेवटी एका दुपारी आत्यानं मला गोधडी दाखवली. वरच्या ओळीच्या टोकाला पिवळ्या कापडाचा तुकडा होता, मधोमध एक भोक पिवळ्या दोऱ्यानं रफू केलेलं, आणि खाली भरतकामात माझं नाव आणि एक साल. मी कधीच पिवळं घालत नाही.

“आत्या, हे साल माझं नाही.”

“मग कुणाचं, शेजाऱ्यांचं?”

“ताईचं आहे.”

“कुठली ताई?” दातांत सुई धरून तिनं विचारलं. कुठल्या दुकानातली साखर, असं विचारावं इतक्या सहज.

तिनं सुई काढली आणि मला जवळ ओढून बसवलं.

“हे बघ पोरी, सगळे याच चुकीत अडकतात. एक नाव दोनदा दिसलं की लोकांना वाटतं, माणसंही दोन. तळाच्या, एनियसच्या एफीच्या बाबतीत मीसुद्धा इतकी वर्षं तेच धरून चालले होते, की एक जहाजावर वारली आणि दुसरी इथे जन्मली. अगं, एकच होती ती! आजारी पडली, बरी झाली, उतरली. मग एकेक पिढी पुन्हा तपासली, तर सगळीकडे तेच. कशाला उगाच कुळात मेलेली मुलं वाढवायची?”

आत्या नोंदींमध्ये चुकते हे मला ठाऊक होतं. एकदा तिनं दोन मुर्डॉकांचा एक केला होता आणि त्याला मरणानंतर लग्न करायला लावलं होतं. त्यावरून सगळे वर्षभर हसले होते. ही चूकही तसलीच असेल असं मनाशी म्हणत मी घरी आले.

आई ओटकेक लाटत होती. मी तिला आत्याची गंमत सांगितली. ती हसली, पण चुकीच्या जागी हसली.

“आई, माझा वाढदिवस कधी असतो?”

“आता तोही विसरलीस? ऑक्टोबरात.”

“ऑक्टोबर ताईचा. माझा केक मार्चमध्ये केला होतास ना?”

“मार्चमध्ये?” आईचं लाटणं थांबलं. तिनं खरोखर आठवून पाहिलं. “मार्चमध्ये बर्फ होता.”

तेवढ्यात बाबा आले. त्यांच्या अंगाला खेकड्यांच्या आमिषाचा वास येत होता. हात धुता धुता त्यांनी आमचं बोलणं ऐकलं असावं.

“बाबा, ताई धक्क्यावरून पडली तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना?”

“तू पडलीस तेव्हा,” बाबा म्हणाले. “मीच तर काढलं तुला. होडी ओढायच्या काठीचा आकडा फ्रॉकमध्ये अडकला म्हणून मिळालीस, नाहीतर गेली होतीस. वर आलीस ती तोंड घट्ट मिटून. तेव्हापासून बोलतेस कुठे धड!” ते मोठ्यानं हसले आणि ओलं बोट त्यांनी माझ्या गळ्याखाली टेकवलं. तिथे माझ्या हाडावर एक पांढरा व्रण आहे. तो शेगडीचा चटका असं मला आजवर सांगितलेलं होतं.

“शेगडीचा आहे तो,” मी म्हणाले.

“आकड्याचा आहे,” बाबा प्रेमानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कागद आणि मेण घेऊन मी एकटीच स्मशानात गेले. कोकराच्या दगडापासूनच मी हे काम शिकले होते. तिथल्या मृत्यूच्या सालात एक अंक खोल कोरलेला होता आणि मेणाची वडी दर वेळी त्यात अडखळायची, हे माझ्या हाताला पाठ होतं. मी कागद बांधला आणि घासू लागले. एफी वर आली, ‘लॉकी गिलिसची मुलगी’ वर आलं, जन्माचं साल वर आलं. त्याच्यापुढे वडी सरळ घसरत गेली. मी कागद काढून बोटांनी पाहिलं. कोणी खरवडलं असतं तर दगड पांढरा पडला असता, हे आत्यानंच मला शिकवलं होतं. दगड पांढरा नव्हता. तिथे जुनं, वाळकं, पक्कं धरलेलं शेवाळ होतं. कोणीच कधी तिथे काही कोरलं नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती. पण मला राग आला. त्यांना त्यांची मुलगी परत हवी होती, हे मला कळत होतं. आईला कोणीतरी रोज दार उघडून दिलं असावं आणि ती एक-एक पाऊल त्या समजुतीत आत गेली असावी, तसं ते दिसत होतं. पण त्या दारातून ताई घरात यायची असेल तर कोणीतरी बाहेर जायला हवं होतं. ऑक्टोबरातली एफी राहणार असेल तर मार्चमध्ये नुसता बर्फच राहणार होता.

“मी जाणार नाही,” मी कोकराला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे मोठ्यानं बोलले.

घरी येऊन मी आईची कात्री घेतली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिच्या डोळ्यांसमोर, माझ्या शाळेच्या हिरव्या स्वेटरचा पुढचा भाग कापला.

“अगं ए! चांगला स्वेटर आहे तो! डोकं फिरलं का तुझं?”

“हा कुणाचा स्वेटर आहे, आई?”

“तुझा.”

“ताईनं कधी शाळेचा स्वेटर घातला होता?”

आई माझ्याकडे बघत राहिली. मी तुकडा घेऊन बाहेर पडले.

रविवारी सकाळी हॉल उघडल्याबरोबर मी गोधडीसमोर खुर्ची ओढली. पिवळ्या तुकड्याच्या पलीकडे, ओळीच्या बाहेर, काठावरच मी माझा हिरवा तुकडा शिवला, लाल दोऱ्यानं, वेड्यावाकड्या टाक्यांनी, माझ्या नावासकट आणि माझ्या सालासकट. तिन्ही बाजू शिवल्या. चौथी बाजू, पिवळ्याला लागून असलेली, मी मुद्दाम मोकळी सोडली. माझा दोरा ताईच्या तुकड्यात जायला नको होता.

“सगळी ओळ वाकडी करून ठेवलीस!” आत्या आली तीच कपाळाला हात लावत. “बोस्टनहून येणारी आपली माणसं काय म्हणतील?”

“ओळ आत्ता कुठे बरोबर झाली, आत्या.”

माझ्या तोंडून इतकं लांब उत्तर तिनं ऐकलं नव्हतं.

जेवणाआधी मुलांनी एकेक करून उभं राहायचं आणि आपला वंश म्हणायचा, ही आमची रीत आहे. हेक्टर आजोबा, कुळातले सगळ्यांत वयस्क, काठी आपटून विचारतात, आणि मूल बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव सांगत थेट जहाजापर्यंत जातं. मी दर वर्षी पुटपुटायची आणि आजोबा हाताचा कर्णा करून म्हणायचे, “जहाज बुडालं वाटतं!” सगळे हसायचे. यंदा माझं नाव आलं तेव्हा ते आधीच हसायला तयार बसले होते.

काठी वाजली. “तू कुणाची गं?”

“मी एफी,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. “लॉकी गिलिसची धाकटी मुलगी.”

कोणी हसलं नाही. आजोबा पुढे वाकले.

“धाकटी? मग थोरली कुठाय?”

“वारली. धक्क्यावरून पडून. मी तिच्यानंतर जन्मले, मार्चमध्ये. लॉकी रॉरीचा, रॉरी मुर्डॉकचा, मुर्डॉक एनियसचा. एनियसची एफी जहाजावर वारली, तिला समुद्रात सोडलं, आणि इथे जन्मली ती दुसरी. त्या दोघी होत्या. आम्हीही दोघी आहोत. तिचं नाव मी घेतलंय, तिची जागा नाही घेतली. आणि माझी मी देणार नाही.”

आत्या अर्धवट उठली. “एफी, बाळा, सगळ्यांसमोर काय हे... तो बघ ना तुझाच तुकडा, तुझ्याच फ्रॉकचा...”

“तो फ्रॉक,” आई म्हणाली.

ती बसलेल्या जागीच होती. तिचा आवाज खूप लांबून, बऱ्याच वर्षांपलीकडून आल्यासारखा आला. ती गोधडीकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती, नीट, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत, नव्या बाळाला पाहतात तसं.

“टेना, तो फ्रॉक तुला कुणी दिला?”

“चिंध्यांच्या पेटीत होता. तूच नाही का...”

“मी तिला त्याच फ्रॉकमध्ये पुरलं,” आई म्हणाली. “आकड्याचं भोक मी रफू केलं होतं. तिला गार लागू नये म्हणून.”

हॉलमध्ये एक खुर्ची करकरली. बाबांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला होता आणि तो कसलीतरी काठी धरल्यासारखा मिटला होता. मग कोणीतरी, दुसरं काय करणार, फिडल उचलून वाजवायला घेतलं, बायकांनी चहा ओतायला घेतला, आणि आईनं येऊन माझं डोकं इतक्या जोरात छातीशी धरलं की माझा श्वास अडला. “मार्च,” ती माझ्या केसांत म्हणत होती. “मार्च. बर्फातून दवाखान्यात नेलं होतं मला.”

सगळे जेवायला बसले तेव्हा मी गोधडीपाशी गेले. ताईला सांगावंसं वाटलं की मी तुझ्यावर रागावलेली नाही. पिवळा तुकडा तळापर्यंत ओला होता आणि त्याच्या काठाला बारीक वाळू लागली होती. त्याच्या आणि माझ्या तुकड्याच्या मधली बाजू, मी मोकळी सोडलेली, आता मोकळी नव्हती. ती पिवळ्या दोऱ्यानं शिवलेली होती. टाके लहान, वाकडेतिकडे, एकमेकांवर चढलेले, नुकतीच सुई हातात धरायला शिकलेल्या मुलाचे असतात तसे.

“तुझी जागा तुझी,” मी हळूच म्हणाले. “इथेच राहा. पण माझी माझी.”

मी आत्याची कात्री घेतली आणि पहिला टाका कापला. दुसरा कापायला गेले तर दोरा ताठ झाला, गोधडीच्या मागून कोणीतरी तो दोन्ही मुठींनी धरून ठेवावा तसा. मी कात्री सोडली नाही.