बोर्डापुढची पाच बटणं

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात बडोद्यातल्या एका कारखान्यात प्रेसखाली धनाजीरावांचा उजवा हात चेचला. बोटं वाचली, पण नावालाच. सरकारी विम्यातून थेरपी मिळाली. इस्पितळातल्या थेरपिस्ट चारुलताबेन रोज तासभर त्यांच्याकडून वाल निवडून घ्यायच्या, कपड्यांचे चिमटे लावून घ्यायच्या. सहा महिन्यांत बोटं वळू लागली, पकड मात्र येईना. त्यासाठी अजून तीन महिने हवे होते, आणि ते द्यायचे की नाही हे विम्याच्या मेडिकल बोर्डाचे डॉक्टर हात बघून ठरवणार होते.

"जसा आहे तसाच दाखवा," चारुलताबेननी बजावलं. "दुखलं तर दुखतंय म्हणा."

सांगून सांगून सांगितलं कोणाला! ज्यांचे आजोबा गायकवाडी फौजेत रिसालदार, ते साहेबापुढे कण्हणार? तपासणीच्या सकाळी राजेश्वरीबाई नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावायला पुढे आल्या, तर हे गुरगुरले, "लुळा होऊन जाऊ? भीक मागायला चाललोय का मी?"

बोर्डापुढे डॉक्टरांनी एकच बटण काढून लावायला सांगितलं. धनाजीरावांनी पाचही लावली. कळ खांद्यापर्यंत गेली, पण चेहरा ढळला नाही. वर कडक सलामही ठोकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

"वाह काका, सरस!" डॉक्टर खूश झाले. कागदावर शिक्का बसला: उपचार पूर्ण, सोमवारपासून कामावर हजर.

तो कागद मिरवतच ते थेरपीच्या खोलीत आले. चारुलताबेननी दोनदा वाचला.

"हे काय केलंत, धनाजीराव? विम्यानं थेरपी बंद केली. आता मला तुम्हाला इथं बसवताही येत नाही."

"पण बटणं लागली ना, बेन?"

"बटणं लागली. प्रेसचा दांडा कसा ओढणार?"

तेव्हा कुठे त्यांनी फेरतपासणीसाठी अर्ज केला. उत्तर यायच्या आत सोमवार आला.

सोमवारी दांडा तीनदा हातातून निसटला. "पकडच नाहीये, भाई," त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, अगदी हात जोडून.

"डॉक्टर लिहितात हात सारो छे, एकदम बरा. मग ही नाटकं कशाला, काका?" त्यानं रजिस्टरात शेरा मारला, जाणूनबुजून काम टाळतो, आणि खाली सही मागितली.

पेन बोटांत ठरेना. दोनदा खाली पडलं. सुपरवायझरनं कंटाळून शाईचा पॅड पुढे सरकवला, आणि मॅट्रिक पास धनाजीरावांनी सगळ्या खात्यादेखत अंगठा उठवला.