घरची साक्ष

शनिवारी सकाळपासूनच प्लंबरकाकांचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी चर्चच्या उपासनेत त्यांना मंडळीचे सेवक म्हणून नेमणार होते. काम तसं साधं. प्रभुभोजनाच्या भाकरीचा आणि द्राक्षरसाचा ट्रे बाकाबाकापर्यंत न्यायचा, आजाऱ्यांना भेटायचं, एकट्या पडलेल्यांना काय हवं-नको ते बघायचं. पण या मंडळीत एक जुनी रीत होती. पाळकसाहेब होणाऱ्या सेवकाला काहीच विचारत नसत, त्याच्या घरच्यांना विचारत. घरचं एक माणूस सगळ्यांसमोर उभं राही आणि हा घरात कसा वागतो ते सांगे.

बायको असती तर प्रश्नच नव्हता. ती उठली असती, "माणूस चांगला आहे" म्हणाली असती आणि खाली बसली असती. पण तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगा नोकरीसाठी परगावी, त्यामुळे आता उभी राहणार होती सून. आणि सून खोटं बोलत नसे, हीच पंचाईत होती.

चर्चमध्ये काका खुर्च्या लावत, फरशी पुसत, मोरी तुंबली तर कोपरापर्यंत हात घालत. गावभर नळ बसवले, पण घरच्या नळाखाली कधी एक कप विसळला नव्हता. तो नळही बायको होती तेव्हापासून गळत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

जेवण झाल्यावर काकांनी स्वतःचं ताट स्वतः उचललं. सुनेने बघितलं. मग त्यांनी पाना काढून नळाचा वायसर बदलला. चुटकीसरशी झालं.

"थांबला बघ गळायचा."

"आई तीन वर्षं सांगत होत्या, बाबा."

उसनं अवसान आणून काका भांडी घासायला उभे राहिले. तव्याचा काळेपणा काही केल्या जाईना, तेव्हा तारेच्या घासणीने जोर लावून तो चकचकीत केला. तवा नॉनस्टिक होता.

सुनेने तो उजेडात धरला. "छान. आता यात तोंड दिसेल. अंडं मात्र सुटायचं नाही."

"नवा आणतो."

"उद्याचं म्हणून चाललंय का हे?"

"छे, छे."

"मग सोमवारीही घासा." ती खुर्चीवर बसली. तिचा आवाज खाली आला. "मी उद्या काय सांगू, ते तुम्हीच सांगा. खोटं बोलावं तर देवाच्या घरात, खरं बोलावं तर सासऱ्याची अब्रू. दोन्हीकडून मरण माझंच."

रविवारी चर्च भरलं होतं. काकांशेजारी सून रुमालाला गाठी मारत होती आणि सोडत होती. काकांची नजर त्या गाठींवर गेली. कालपासून ते स्वतःच्याच काळजीत होते, हिचा विचारही मनात आला नव्हता. आणि बायको 'चांगला आहे' म्हणाली असती ते तरी कशासाठी? सांभाळून घ्यायला. जन्मभर तिने तेच केलं. आता हिलाही त्याच कामाला लावायचं?

"घरचं कोण बोलणार?" पाळकसाहेबांनी विचारलं.

सून उठायला लागली. काकांनी तिला बस म्हणून खुणावलं आणि स्वतःच उभे राहिले.

"तिला नका विचारू, पाळकसाहेब. भिडेपोटी तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागेल. मी सेवक आहे तो इथे. घरी नाही."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग कधी विचारायचं?"

काकांनी सुनेकडे बघितलं. बसल्या जागेवरून सूनच म्हणाली, "पुढच्या वर्षी विचारा. मला विचारा."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पाळकसाहेबही हसले. ट्रे त्या दिवशी दुसऱ्यानेच फिरवला.

सोमवारी सुनेची कामावर जायची घाई चालली होती. काका रिकामा कप हातात धरून बसले होते. आज कुणी बघत नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं, म्हणूनच उठणं जड जात होतं. वर्षभर निभेल का, की हे दोन दिवसांचं सोंग? मग ते उठले आणि त्यांनी नळ सोडला.

आतल्या खोलीतून आवाज आला, "तारेची नको, बाबा. पिवळी घासणी घ्या."