निकेलची कोरी चकती

त्रिएस्तेत चार दिवस बोरा वारा पिसाटला होता, आणि चारही दिवस निकेलच्या नव्या चकतीने निवेसला तोंडघशी पाडलं होतं.

निर्वात भांड्यात चकती तापवायची, वायू मोजून सोडायचा, की तिच्यावर एका अणूच्या जाडीचा कार्बनचा सलग पापुद्रा धरतो. कृती निवेसचीच, जगभर तिच्या नावाने चालणारी. पण जुन्या चकतीला तडा गेला, नवी आणली, आणि पापुद्रा काही केल्या धरेना. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर नुसती भोकं.

"डॉक्टरीणबाई, हात धुतले होते ना?" लिविओने विचारलं. तीस वर्षं तिची यंत्रं सांभाळणाऱ्याला एवढी थट्टा माफ होती. पण वाक्य तिचंच होतं. रियेका शहरातल्या प्रयोगशाळेत हीच कृती करणाऱ्या फ्रानेला, आपल्या विद्यार्थ्याला, तिने ते दोन वर्षं ऐकवलं होतं.

तो दर महिन्याला भोकांची चित्रं पाठवायचा. "मॅडम, तुम्ही लिहिलंय तसंच केलंय हो." शेवटी तिने बजावलं होतं, "ईस्टरपर्यंत सलग पापुद्रा दाखव, नाहीतर डॉक्टरेट विसर."

आता तिने त्याची चित्रं आपल्या चित्रांशेजारी लावली. भोकं अगदी तश्शीच.

"लिविओ, जुनीच्या पोटात काय असेल रे?"

"वीस वर्षांचा कार्बन. दुसरं काय?"

निवेसच्या लक्षात आलं. जुनी चकती कार्बन पिऊन तट्ट फुगली होती, म्हणून नवा कार्बन वरच पसरायचा. कोरी चकती सगळा आत ओढून घेते. तिच्यावर या कृतीने पापुद्रा धरणं शक्यच नव्हतं. आणि फ्रानेची चकतीही कोरीच होती. पोरगा चोख काम करत होता, आणि आपण त्याला वेंधळा ठरवलं. तिला स्वतःची लाज वाटली.

माफी मागायला तिने फोन उचलला, आणि हात थांबला. ईस्टरच्या आदल्या दिवशी फ्रानेचं चित्र आलं होतं. एकही भोक नाही. "बघ, काळजी घेतली की जमतं," असं तिने कळवलं होतं. त्यावरच त्याचा प्रबंध मान्य झाला. शुक्रवारी तोंडी परीक्षा होती.

तिने ते चित्र उघडून उलटं फिरवलं. कोपऱ्यातला ओरखडा ओळखीचा होता. तिचंच नऊ वर्षांपूर्वीचं चित्र.

"मॅडम, शुक्रवारी येताय ना?" फोनवर फ्राने म्हणाला. "आईपण येतेय."

"फ्राने, ते शेवटचं चित्र..."

"दोन वर्षं खरी पाठवली, मॅडम. ती तुम्हाला चालली नाहीत."

त्या चित्राबद्दल परीक्षकांना पत्र आता तिलाच लिहावं लागणार होतं.