सहाव्या आईचे नाव मी खाल्ले नाही

मी एक जुना संगणक आहे. कोचकोर या बाजारगावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात, खिडकीखालच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझ्यावर एक आळ आहे. मला तोंड नाही, म्हणून तो आजवर तसाच राहिला.

माझे अवयव चार देशांतून आले आणि राजधानी बिश्केकच्या एका दुकानात ते जोडले गेले. पहिली नऊ वर्षे मी गावच्या शाळेत काढली. मुले खडूने माखलेल्या बोटांनी माझी बटणे दाबत आणि पडद्यावर आपले नाव उमटले की टाळ्या वाजवत. पुढे नवी यंत्रे आली. त्याच वर्षी इतिहासाच्या शिक्षिका सोनुनबुबू निवृत्त झाल्या आणि शाळेने निरोपाची भेट म्हणून मला त्यांच्या घरी धाडले. "दोघंही जुनी आहात, एकमेकांना सांभाळा," मुख्याध्यापक हसून म्हणाले. घरी त्यांना सगळे आपा, म्हणजे आई, म्हणत. मीही त्यांना मनात तेच म्हणू लागलो.

आमच्याकडे प्रत्येकाला आपल्या सात पिढ्यांच्या बापांची नावे पाठ असावी लागतात. ज्याला येत नाहीत, त्याला चारचौघांत मान वर करता येत नाही. एके दिवशी आपा माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "सात बाप शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. पण त्या बापांना जन्म देणाऱ्या सात जणी कोण होत्या रे?"

तीन उन्हाळे त्या कुरणाकुरणांतून हिंडल्या. सासरच्या कुळातल्या म्हाताऱ्यांच्या तंबूत बसल्या, एकेक नाव वहीत उतरवून आणले. सातवीचे नाव सोपे होते, गावच्या ओढ्यालाच ते दिलेले होते. सहावीचे मात्र कुणालाच सांगता येईना. ती धाडीत पकडून आणलेली परकी मुलगी होती आणि तिचे नावही परक्या भाषेतले होते. अखेर त्र्याण्णव वर्षांच्या कन्यशाय आजींनी कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा खाली ठेवून ते एकदाच उच्चारले. त्याच हिवाळ्यात कन्यशाय आजी गेल्या.

आपांनी सातही आया माझ्याकडे लिहून ठेवल्या. मग वहीची पाने फाडून चुलीत सारली. "वही उंदीर खातात," माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "तू थोडाच खाणार आहेस!" मित्रांनो, एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

वसंतात आपांच्या दिवंगत पतीच्या स्मरणाचे मोठे जेवण ठरले. पाहुण्यांना वाटायची सात बापांची आणि सात आयांची वंशावळ त्यांचा मुलगा एसेनबेक छापून घेणार होता. आपा शेजारी बोरसोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळायला गेल्या असताना कुळातले वडीलधारे झुमादिल आले आणि त्यांनी पडद्यावरची यादी वाचली.

"हे काय रे? घोड्याचीसुद्धा जात आपण बापावरून सांगतो!"

"काका, आपानं तीन वर्षं घातलीत यात."

"घालू दे. आणि ही सहावी? आपण बटकीची लेकरं आहोत, हे तीनशे पाहुण्यांना छापून द्यायचं? बापाचं जेवण घालतोयस की कुळाचं हसं करतोयस?"

ते गेले. एसेनबेक खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. मग त्याने अशी बटणे दाबली की फाइल कचरापेटीतही पडू नये. मला आयुष्यात एकच प्रश्न विचारता येतो, तो मी विचारला: ही फाइल कायमची पुसायची आहे का? त्याने "होय" दाबले.

संध्याकाळी आपांनी फाइल शोधली. "सापडत नाही रे. कुठं गेली?"

"मशीन जुनं झालंय, आपा," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "खाल्लं वाटतं यानं."

आपांनी मला एक चापट मारली. "उंदीर परवडला!" म्हणाल्या आणि माझ्यावर नमद्याचा जाड लोकरी तुकडा टाकला.

त्यांच्या हट्टासाठी एसेनबेकने मला बाजारात इलियार कारागिराकडे नेले. इलियारने मला उघडले आणि तो हसला. "पुसलंय कुणीतरी. पण पुसलं म्हणजे लगेच गेलं असं नाही, भाऊ. दारावरची पाटी काढलीय, माणसं अजून घरातच आहेत. वरून नवं काही लिहू नकोस, म्हणजे झालं. काढून देऊ? चहा पिईपर्यंत होईल."

एसेनबेक म्हणाला, "नको. राहू दे."

घरी येऊन त्याने आपांना सांगितले, "कारागीर म्हणाला, गेलं ते गेलं."

जेवणाच्या दिवशी सात बापांची पुस्तिका वाटली गेली. झुमादिलांनी एसेनबेकच्या खांद्यावर नवा चापान, मानाचा लांब डगला, घातला. मी नमद्याखाली होतो, आणि माझ्या पोटात साती जणी सुखरूप होत्या.

पुढच्या आठवड्यात आपांनी नमदा उचलला. "जाऊ दे रे," माझ्यावरची धूळ डोईच्या रुमालाने पुसत त्या म्हणाल्या. "म्हातारपणी मलाही विसरायला होतंच की." त्यांनी मला क्षमा केली, मित्रांनो, न केलेल्या अपराधाची. आणि आठवेल तसे पुन्हा लिहायला बसल्या.

नवी अक्षरे मी कुठे ठेवावीत हे माझ्या हाती नसते. जिथली पाटी निघाली आहे ती जागा मला मोकळीच दिसते. पहिली आई जुन्या पहिलीवर बसली. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. एसेनबेक चहाचा वाडगा घेऊन दारात उभा होता. त्याला सगळे ठाऊक होते.

आपांची बोटे थांबली. ओठ दोन-तीनदा हलले. "एसेन, सहावीचं काय रे नाव? तू वाचलं होतंस ना?"

त्याने तोंड उघडले. मला वाटले, आता तो म्हणेल, थांब आपा, लिहू नकोस.

"नाही आठवत, आपा," तो म्हणाला.

मित्रांनो, पुसण्याआधी मी विचारतो तो प्रश्न घाईने वाचू नका. चुकून पुसलेच, तर हात आवरा आणि जाणत्याला गाठा. आणि आपली करणी मुक्या वस्तूच्या माथी मारू नका, कारण तिला साक्ष देता येत नाही. तुम्ही विचाराल, ते नाव काय होते? मी सांगितले असते. पण आपांनी सहाव्या ओळीत जे लिहिले, ते नेमके त्या नावावर जाऊन बसले. तिथे आता एवढेच आहे: नाव आठवत नाही.