काठोकाठ हंडा

"किती सांडलं?" गाडी थांबवून अर्जुनरावांनी विचारलं.

भिमाजी मिस्त्रीने मांडीवरच्या हंड्यात वाकून बघितलं. त्याची खाकी विजार पार चिंब झाली होती, तेव्हा वाकून बघायचीही तशी गरज नव्हती.

"निम्मं गेलं. पुन्यांदा भरा."

मोशीच्या विहिरीवरच्या दोन-तीन बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हसतील नाहीतर काय! अख्ख्या गावात एक मोटार, तीही हिरवी, बसकी, बिनटपाची आणि दोनच माणसांची. लढाईच्या आधीची शर्यतीची गाडी. देश सोडून निघालेल्या कुणा साहेबाकडून अर्जुनरावांनी ती हौसेने घेतली होती आणि लेकरासारखी जपली होती. तीच आता तांब्याचा हंडा घेऊन रोज नदीपर्यंत जायची आणि यायची. ज्यांना कारण ठाऊक होतं त्या मात्र हसत नव्हत्या.

कारण होतं विमलबाई, अर्जुनरावांची बायको. त्यांच्या मणक्याला क्षय झाला होता. चालत्याफिरत्या होत्या तेव्हाच पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दवाखान्यात ठेवा, पाठ प्लास्टरमध्ये घालू, सुया देऊ, बरी होईल. घरच्यांनी म्हटलं, सुगी होऊ दे. सुगी झाली आणि विमलबाई अंथरुणाला खिळल्या. आता पुण्याला न्यायचं एवढंच काम उरलं होतं, आणि नेमकं तेच होत नव्हतं. बैलगाडीतून त्या शिवेपर्यंतही पोचल्या नाहीत. चौघांनी बाज खांद्यावर घेतली, तर पावलागणिक त्यांनी पदर चावला. राहता राहिली ही मोटार. तिच्यात भरल्या हंड्यातलं पाणी सांडलं नाही, तर विमलबाईंची पाठही सोसेल, असा हिशोब होता.

भिमाजीचा गॅरेजचा धंदा चिंचवड स्टेशनाजवळ. ट्रक असो की टांगा, खालचे धक्के झेलणारे कमानीचे पाटे ठोकून देण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ओझं वाढलं की पाटा वाढव, एवढंच त्याला आयुष्यभर लोक सांगत आले. अर्जुनरावांनीही मागे तेच सांगितलं होतं. खंडाळ्याच्या वळणावर गाडी झुकते म्हणून त्यांनी हौसेने एकेक पाटा जादा घालून घेतला होता. आता उलटं करायचं होतं.

"जादाचा पाटा काढला, तरी अजून कडकच हाय," भिमाजी म्हणाला. "आनखी येक काढू का?"

"काढल्यावर काय व्हईल?"

"बारकं धक्के जातील. पन मोठ्या खड्ड्यात बूड आपटंल. तसा धक्का येखादाच, पन लई मोठा."

अर्जुनराव गाडीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. एरवी या माणसाला टायर कुठला घ्यावा, रंग कुठला द्यावा हे ठरवताना केवढा आनंद व्हायचा!

"बारकं बरं का मोठा बरा, हे मी कसं ठरवू, भिमाजी? पाठ तिची हाय."

"मग वैनींना इचारा की."

"ती काय म्हननार? म्हनंल, तुमी म्हनाल तसं."

आणि खरंच कुणी विचारलं नाही.

शेवटी अर्जुनरावांनीच तिसरा मार्ग काढला. पाटे होते तेवढेच ठेवायचे आणि धक्का जिरवणारे नव्या तऱ्हेचे तेलाचे नळे मुंबईहून मागवायचे. नळे आले. बसवायला जागा नव्हती, ती भिमाजीने लोखंड ठोकून केली. पुन्हा हंडा भरला, पुन्हा तो मांडीवर घेऊन भिमाजी बसला. नदीपर्यंत जाऊन आले तरी पाणी हंड्याच्या गळ्याखाली उतरलं नव्हतं. अर्जुनरावांनी भर रस्त्यात भिमाजीला मिठी मारली. दोघंही हसले, आणि हसता हसता अर्जुनरावांना रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. छबूबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भाकरीचा तुकडा सुनेवरून ओवाळून टाकला. सीटवर गादी घातली होती. विमलबाईंना उचलून तीवर ठेवलं, तेव्हा त्यांनी अंगात बळ नसतानाही पदर पुढे ओढून घेतला. दारात चुलतसासरे उभे होते ना! या गाडीतून चुलते फिरले, मेहुणे फिरले, एकदा तलाठीसुद्धा ऐटीत बसून आला. पण सुनेने चारचौघांत नवऱ्याशेजारी उघड्या गाडीत बसावं, हे त्या घरात कुणाला सुचलंच नव्हतं. त्या आज पहिल्यांदा बसत होत्या.

गाडी हलली. भिमाजी बाजूने चालत निघाला. चावडीपुढे रस्त्यात आडवं दगडी गटार होतं, त्याचा काठ बोटभर वर आलेला. काल त्याच्यावरून जाताना हंड्यातलं पाणी नुसतं डुलत होतं. आज गाडी तिथे टणकन उडाली आणि विमलबाई किंचाळल्या.

भिमाजी जागीच थांबला. चूक त्याच्या ध्यानात आली. काल हंडा धरून तो स्वतः बसला होता. त्याचा धिप्पाड देह आणि वर भरला हंडा. त्या वजनाने पाटे छान दबत होते. विमलबाईंच्या अंगात काही उरलंच नव्हतं. गाडीला त्या बसल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. जन्मभर ओझ्याचा हिशोब केलेल्या माणसाला हे सुचू नये, याचा त्याला स्वतःचाच संताप आला.

चावडीवरच्या माणसांनी गाडी हळूहळू मागे ढकलत अंगणात आणली.

"वैनी, वाळूचं पोतं टाकतो मागं," भिमाजी घाईघाईने म्हणाला. "वजनानं पाटं दबतील. आनखी येकदा..."

बोलता बोलता त्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओठ पांढरे पडले होते.

"भाऊ, गाडी चांगली केलीया तुमी," विमलबाई म्हणाल्या. "पन मला आता न्हाई सोसायचं. त्या गटारापर्यंतबी न्हाई."

अर्जुनरावांनी स्टिअरिंगच्या चाकावरचे हात सोडले. "उतरवतो तुला. आत निजवतो."

"नगं. बसू द्या जरा. कवा बसले न्हाई हिच्यात."

अर्जुनराव तसेच शेजारी बसून राहिले. वाऱ्याने विमलबाईंचा पदर डोक्यावरून खाली आला होता. छबूबाई तो सावरायला पुढे झाल्या, हात लांब केला, आणि मग सुनेच्या गालावरून फिरवून मागे घेतला.

"बस, माझे बाई," त्या म्हणाल्या. चुलतसासरे आपण होऊन घरात गेले.

भिमाजीला काय करावं कळेना. काढायला पाटा नव्हता, आवळायला नट नव्हता. त्याने इकडेतिकडे बघितलं, कुंपणाजवळचे धोंडे उचलून आणले, आणि चारी चाकांना मागून-पुढून एकेक लावला, गाडी जराही हलू नये म्हणून.